पेंटबॉल गनची रिमोट लाइन घेताय? नळीच्या आधी तिची दोन टोकं बघा

"रिमोट लाव, हात दुखायचे थांबतील," असं मैदानावर एकाने सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीचा रिमोट आला होता. प्रत्यक्षात निघाली एक गुंडाळीची काळी नळी, जुन्या लँडलाइन फोनच्या वायरसारखी. हवेची टाकी गनच्या बुडाला न लावता कमरेला किंवा पाठीवर बांधायची आणि तिथून या नळीने हवा गनपर्यंत आणायची. रिमोट लाइन म्हणतात ती हीच.

ऐकायला सोपं आहे. तरी मी त्यापायी ओ-रिंगांची (जोडावर गळती थांबवणाऱ्या रबरी कड्यांची) एक अख्खी पुडी, एक शनिवार आणि चुकून घेतलेली एक नळी घालवली. इथे न्यू जर्सीच्या रानात आम्ही सात-आठ मराठी मंडळी महिन्यातून एकदा पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, खेळतो. नवा माणूस आला की तो लांबी किती घेऊ, रंग कुठला घेऊ असं नळीबद्दलच विचारतो. पण गळती, फाटाफाट आणि डोक्याला ताप हे सगळं नळीच्या टोकांपाशी होतं. म्हणून हा लेख टोकांपासून सुरू केलाय.

१. तुम्हाला ती खरंच हवी आहे का?

४८ घनइंची ॲल्युमिनियमची टाकी रेग्युलेटरसकट (हवेचा दाब उतरवणाऱ्या तोंडाच्या भागासकट) साधारण सव्वा-दीड किलो भरते. ती गनच्या मागे लटकत असली की तिसऱ्या-चौथ्या डावाला मनगट बोलायला लागतं. रानातल्या खेळात झाडामागे पालथं पडून नेम धरायचा असेल तर टाकी जमिनीला टेकते आणि गन वर उचलली जाते. तुमचा खेळ असा असेल, किंवा तुम्ही मॅगझिनवाली गन खांद्याला लावून खेळत असाल, तर रिमोट लाइन घ्या.

फुगवलेल्या बंकरांमधला धावपळीचा स्पीडबॉल खेळत असाल तर घेऊ नका. तिथे टाकीच खांद्याला टेकवून गन स्थिर धरतात, आणि सारखी बाजू बदलताना नळी आडवी येते. तुमची गन भाड्याची असेल तरी थांबा, आधी स्वतःची गन घ्या.

(गंमत म्हणजे १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळ पेंटबॉलचा पहिला डाव झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. झाडांवर खुणा करायची नेलस्पॉट ००७ ही पिस्तुलं होती आणि त्यात १२ ग्रॅमची छोटी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसं बसायची. मोठ्या टाक्या आल्या, हात दुखायला लागले, मग नळी आली.)

२. टाकीतून बाहेर पडणारा दाब किती?

टाकीवर ३००० किंवा ४५०० पीएसआय (चौरस इंचावर किती पौंड, हे दाबाचं माप) लिहिलेलं असतं, तो आतला दाब. नळीत येतो तो रेग्युलेटरमधून उतरलेला दाब. बहुतेक साध्या टाक्यांचा हा आकडा ८०० ते ८५० पीएसआय असतो, कमी दाबाच्या टाक्यांचा ४५० च्या आसपास. तुमच्या रेग्युलेटरचा आकडा दुकानात विचारून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

सीओटूच्या बाटलीला असा रेग्युलेटर नसतो. तिचा दाब हवामान ठरवतं. २१ अंश सेल्सियसला तो ८५० च्या जवळ असतो, शून्य अंशाला पाचशेच्याही खाली येतो आणि उन्हात ठेवली तर हजाराच्या वर जातो. ऑक्टोबरातल्या सकाळी गोळ्या वीस पावलांवर पडायला लागल्या की नवखे लोक नळीला दोष देतात. दोष थंडीचा असतो. शक्य असेल तर हवेच्याच टाकीवर या.

आता इथला सगळ्यात मोठा सापळा. हार्डवेअरच्या दुकानात गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची गुंडाळीची नळी मिळते. दिसायला अगदी जुळी बहीण, आणि किंमत अर्ध्याहून कमी. चुकून घेतलेली ती माझी पहिली नळी हीच. घरी आणून पिशवीवरचा बारीक मजकूर वाचला तर कमाल दाब १५० पीएसआय! गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. आपल्या नळीत त्याच्या पंचवीसपट. पेंटबॉलच्या रिमोटसाठी म्हणूनच विकली जाणारी आणि वेष्टनावर दाबाची मर्यादा छापलेली नळी घ्या. मर्यादा छापलेली नसेल तर सोडून द्या.

३. गनकडचं टोक

नळीच्या या टोकाला क्विक डिस्कनेक्ट असतं. त्याची कडी मागे ओढायची, गनवरच्या निपलवर (हवा आत घेणाऱ्या छोट्या धातूच्या तोटीवर) बसवायचं, कडी सोडायची, टक्. प्रश्न असतो तो गनवर निपल कसं बसवायचं याचा. त्याचे दोन मार्ग आहेत.

टाकी फिरवून बसवायची गनवरची जागा, म्हणजे एएसए, ज्या गनवर आहे तिच्यासाठी टाकीच्या तोंडासारखाच आकार असलेला ॲडॅप्टर मिळतो. तो टाकीच्या जागी फिरवून बसवायचा, त्याच्या बुडाला निपल असतं. पाना लागत नाही, आणि पुन्हा टाकी थेट लावावीशी वाटली तर ॲडॅप्टर काढला की झालं. नव्या माणसाने हेच घ्यावं. दुसरा मार्ग म्हणजे एएसए काढून तिथल्या छिद्रात निपल थेट बसवणं. ते आटे १/८ एनपीटी मापाचे, म्हणजे निमुळते असतात. जास्त आवळले तर गनच्या ॲल्युमिनियमला तडा जातो, कमी आवळले तर गळतं. हात बसलेला नसेल तर या वाटेला जाऊ नका.

याच टोकाला एक सरकती बाही हवी, तिला स्लाइड चेक म्हणतात. पुढे सरकवली की हवा गनमध्ये जाते. मागे ओढली की नळी बंद होते आणि गनच्या बाजूची हवा फस्सकन बाहेर पडते. ही नसेल तर ८०० पीएसआयच्या दाबाखाली क्विक डिस्कनेक्ट ओढून काढायला दोन माणसं लागतात आणि निघताना फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. दहा डॉलर वाचवायला स्लाइड चेक नसलेली लाइन घेतलेला आमचा एक नागपूरकर आता दर डावानंतर "कोणी धरता का रे?" म्हणत फिरतो.

आणि हे नीट वाचा. गनवरचं निपल आणि टाकीत हवा भरायचं निपल दिसायला आणि मापाला सहसा सारखंच असतं. हवा भरायच्या ठिकाणची नळी चुकून गनवरच्या निपलवर बसली तर ३००० किंवा ४५०० पीएसआय थेट गनमध्ये घुसेल. भरायच्या टेबलाजवळ गन नेऊच नका. मी माझ्या गनच्या निपलशेजारी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवलीय.

४. टाकीकडचं टोक

इथे टाकी फिरवून बसवायची पितळी किंवा ॲल्युमिनियमची बैठक असते. टाकीचे आटे ०.८२५-१४ या एकाच मापाचे असतात; पेंटबॉलची हवेची टाकी असो की सीओटूची, दोन्ही बसतात. त्यामुळे "बसेल का?" ही चिंता नको. बघायचं ते एवढंच, की बैठकीवर चालू-बंद करायची गोल मूठ आहे का. मूठ नसलेल्या बैठकीत टाकी फिरवता फिरवताच तिची पिन दाबली जाते आणि हवा एकदम सुटते. मूठ असली की आधी टाकी निवांत बसवा, मग सावकाश उघडा.

माझ्या ओ-रिंगा गेल्या त्या याच टोकाला. डाव संपला की मी स्लाइड चेक मागे ओढायचो, फस्स आवाज यायचा, मला वाटायचं हवा गेली. मग टाकी फिरवून काढायचो आणि दर वेळी ओ-रिंग फाटून लोंबत असायची. गेलेली असायची फक्त गनमधली हवा. नळी अजून ठासून भरलेली, आणि त्या दाबाखाली टाकी उलटी फिरवली की ओ-रिंग जागेवरून उखडून चिरफाळते. हे कळायला मला अख्खा एक शनिवार लागला. त्या दिवशी मी खेळलो कमी आणि सुईने रबराचे तुकडे वेचले जास्त. बरोबर क्रम खाली आठव्या पायरीत आहे.

५. आता नळी

गुंडाळीची नळी सगळ्यात जास्त दिसते. ताणली की लांब होते, सोडली की अंगाशी येते, झुडपात कमी अडकते. तोटा असा, की ती स्प्रिंगच आहे. हात पूर्ण लांब केला की गनला कमरेकडे ओढत राहते. दिवसभरात ते जाणवतं. सरळ नळी, पोलादी जाळीच्या वेष्टनाची, मजबूत असते पण ताठ असते आणि मानेला घासली तर साल काढते. तिसरी मायक्रोबोअर, करंगळीपेक्षा बारीक आणि लवचीक. वेस्टच्या (टाकी ठेवायच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या) आतून फिरवायला उत्तम, पण किंमत जास्त. गनच्या अंगावरच दोन-चार इंचांच्या अंतरासाठी वापरतात ती प्लास्टिकची मॅक्रोलाइन यात धरू नका. ते काम वेगळं.

माझं मत विचाराल तर पहिली नळी गुंडाळीची घ्या, स्लाइड चेकसकट. तीस ते पन्नास डॉलरच्या घरात चांगली मिळते.

लांबी अंदाजाने घेऊ नका. घरात सुतळी असेलच. टाकी जिथे बांधणार तिथे तिचं एक टोक धरा. सुतळी काखेखालून किंवा खांद्यावरून, जशी नळी जाणार तशी, गनपर्यंत आणा. आता गन दोन्ही हातांनी पूर्ण पुढे धरा, मग खाली वाका, मग मान वळवून मागे बघा. तिन्ही वेळा सुतळी ताणली जाता कामा नये. त्यावर वीतभर ढील ठेवा आणि मोजा. ही झाली तुमच्या नळीची *आरामात ताणल्यावरची* लांबी. वेष्टनावर कधी ताणलेली, कधी गुंडाळलेली लांबी छापतात, तेव्हा कुठली ते विचारा. आमच्याकडच्या रानात ग्रीनब्रायर नावाची काटेरी वेल आहे, आपल्या करवंदीच्या जाळीची चुलतबहीण. दोन फूट जास्तीची नळी त्यात कशी गुंतते ते एकदा अनुभवलंय.

डावखुरे असाल तर सुतळीचा प्रयोग डाव्या बाजूने करा. दुकानातला माणूस सवयीने उजव्या हाताचीच मांडणी दाखवतो.

६. सोबत काय काय लागतं

- रिमोट लाइन, स्लाइड चेक आणि मूठवाल्या बैठकीसकट
- गनच्या एएसएमध्ये बसणारा निपलवाला ॲडॅप्टर
- टाकीच्या ओ-रिंगा: ०१५ नंबरच्या, युरेथेनच्या, ९० ड्युरोमीटर कडकपणाच्या. पुडीच घ्या. साध्या काळ्या रबराच्या सीओटूत फुगतात
- ओ-रिंग काढायला दातकोरण्यासारखं प्लास्टिकचं टोक. सुईने बैठकीवर ओरखडे पडतात (मी पाडलेत)
- टाकीची पिशवी असलेला पट्टा किंवा वेस्ट
- छोट्या बाटलीत साबणाचं पाणी
- पेंटबॉल गनसाठीच असलेलं तेल

शेवटच्या वस्तूबद्दल दोन शब्द. दाराच्या बिजागरीला घालतो ते पेट्रोलियम तेल टाकीच्या निपलला किंवा बैठकीला लावू नका. दाबलेली हवा एकदम शिरली की तेल पेट घेऊ शकतं.

कागदोपत्री फारसं काही लागत नाही, मैदानावर जबाबदारीच्या अर्जावर सही करावी लागते तेवढीच. पण टाकीवरची शेवटच्या हायड्रो तपासणीची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची) तारीख बघतात. नेहमीच्या मापाच्या टाक्यांना ती अमेरिकेत दर ५ वर्षांनी करून घ्यावी लागते. तारीख उलटलेली असेल तर हवा भरून मिळणार नाही, मग नळी कितीही नवी असो. विमानाने कुठे खेळायला जाणार असाल तर टाकीचा रेग्युलेटर पूर्ण काढून, तोंड उघडं ठेवूनच ती सामानात चालते. हे काम दुकानातून करून घ्या, स्वयंपाकघरात नाही.

७. पहिल्यांदा जोडताना

चष्मा, म्हणजे एएसटीएम एफ१७७६ मानकाचा पूर्ण मास्क, चढवा. नळीवर गनचं तोंडझाकण. लोडर, म्हणजे गोळ्यांचा डबा, रिकामा. (इथे "नळी" म्हणजे गनची, गोंधळ नको.)

टाकीची ओ-रिंग बोटाने चाचपा. बैठकीची मूठ बंद, स्लाइड चेक मागे. टाकी हाताने फिरवून घट्ट करा, पाना नको. क्विक डिस्कनेक्ट गनवर बसवा आणि ओढून बघा, कडी नीट बसली का ते. मग मूठ सावकाश उघडा, आणि त्यानंतर स्लाइड चेक हळूहळू पुढे सरकवा. झटक्यात सरकवली तर दाबाचा धक्का थेट गनच्या आतल्या वॉशरांना बसतो.

आता साबणाचं पाणी. घरी नवा गॅस सिलिंडर आला की आई रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघायची, तसंच. दोन्ही टोकांना आणि नळी जिथे धातूत शिरते त्या कडेला लावा. बुडबुडे आले तर टाकी बंद. गळती बोटाने शोधू नका. इतक्या दाबाचा बारीक झोत कातडीच्या आत शिरू शकतो, आणि सीओटू असेल तर बोट गोठतं.

सीओटूची बाटली पिशवीत तोंड वर करून ठेवा. उलटी ठेवली तर वायूऐवजी द्रव नळीत उतरतो आणि गनमधून पांढरा धूर येतो. बघायला मजा येते पण वॉशर मरतात. बऱ्याच वेस्टच्या पिशव्यांत टाकी तोंड खाली करूनच बसते, तेव्हा विकत घेताना हे बघा. हवेच्या टाकीला मात्र उलटसुलट काहीच फरक पडत नाही.

सगळं झालं की क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, गोळीचा वेग मोजा. अनेक मैदानांची मर्यादा सेकंदाला २८० फुटांची असते. आधी टाकी थेट लावून मोजला असला तरी रिमोट लावल्यावर पुन्हा मोजा.

८. सोडवताना

क्रम असा: तोंडझाकण लावा. टाकीची मूठ बंद. स्लाइड चेक *पुढेच* ठेवा, गन जोडलेलीच ठेवा. गन जमिनीकडे धरून चाप ओढत राहा, म्हणजे नळीतली हवा गनमधून संपते. खट्खट् थंड पडली, नळी हाताला मऊ लागली, की मग स्लाइड चेक मागे, क्विक डिस्कनेक्ट काढा, आणि सगळ्यात शेवटी टाकी.

टाकी काढताना आणखी एक काम करा. टाकीचा पितळी व्हॉल्व्ह टाकीत आट्यांनीच बसवलेला असतो. बैठक अडकलेली असली आणि तुम्ही जोर लावला तर कधी कधी बैठकीतून टाकी सुटण्याऐवजी टाकीतून व्हॉल्व्ह सुटतो. मग टाकी रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत सीओटूच्या बाटल्यांनी असे जीव गेलेले आहेत. उपाय फुकटचा आहे: नेलपॉलिशने व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ ओढून ठेवा. फिरवताना रेघ तुटलेली दिसली की हात तिथेच थांबवा, टाकी खाली ठेवा आणि जाणकाराकडे न्या. बायकोने माझी टाकी पाहून विचारलं, "हिला कुंकू कशाला लावलंय?"

९. वापरलेली नळी घेताना

मैदानावर जुनी लाइन निम्म्या किमतीत मिळते आणि मोह होतो. धातूच्या कडेपासून चार बोटं नळी हळू वाकवून बघा, चिरा तिथेच पडतात. गुंडाळीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. कुठे फुगवटा लागला, कुठे चपटी झालेली दिसली, तर पैसे देऊ नका. स्लाइड चेक दहा वेळा मागेपुढे करा. खरखर लागत असेल तर आत वाळू आहे, ती साफ होते. आट्यांभोवती पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या लोंबत असतील तर आधीच्या मालकाने गळती लपवलीय असं समजा. त्या चिंध्या हवेबरोबर गनच्या रेग्युलेटरमध्ये जाऊन बसतात आणि महिनाभराने भलताच त्रास देतात.

विकणाऱ्यासमोरच टाकी जोडून, साबणाचं पाणी लावून, पाच मिनिटं नुसती ठेवून बघा. तो घाईत असेल तर तुम्ही नसा.

घरी आणल्यावर लाइन गुंडाळून गाठ मारून ठेवू नका, खिळ्याला सैल टांगा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेली माझी एक नळी गुंडाळी विसरली. आता ती बागेत टोमॅटोच्या रोपांना आधाराला बांधलीय.